मागणाराही तोच, मंजूर करणाराही तोच!

फेब्रुवारी २०२३, फेब्रुवारी २०२४ आणि फेब्रुवारी २०२५ असा तीन वेळा मुंबई महानगरपालिकेत एक विलक्षण प्रसंग घडला. आयुक्तांनी अर्थसंकल्प सिद्ध केला व तो प्रशासकांना सादर केला. प्रशासकांनी तो स्वीकारला. आयुक्त आणि प्रशासक ही एकच व्यक्ती होती! रकमा होत्या अनुक्रमे सुमारे ५२,६०० कोटी, ५९,९०० कोटी आणि ७४,४०० कोटी रुपये. गोव्यासारख्या एका राज्याच्या अर्थसंकल्पाहून कितीतरी मोठ्या असलेल्या या रकमा एका हाताने मागितल्या गेल्या आणि दुसऱ्या हाताने मंजूर झाल्या. मध्ये प्रश्न विचारणारा एकही लोकप्रतिनिधी नव्हता.

हे घडले कसे? ७ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असा १ जून १९९३ पासून अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीचा निःसंदिग्ध दंडक आहे. तरीही आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात जवळजवळ चार वर्षे उलटली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. १९८४-८५ मध्येही मुंबईवर प्रशासक होता; पण तो सुमारे वर्षभर, आणि घटनेचे हे संरक्षण तेव्हा अस्तित्वात नव्हते. संरक्षण मिळाल्यानंतरची अराजकता अधिक दीर्घ ठरावी, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. ज्या राज्यकर्त्यांना नगरसेवकांवाचून कारभार सोयीचा वाटतो, त्यांना निवडणुकीची घाई नसते.

आता नगरसेवक परत आले आहेत. तेव्हा प्रश्न मिटला, असे समाधान काहीजण मानतात. हे समाधान भाबडे आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा मुंबई पालिकेविषयीचा विशेष अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडला गेला. त्याने तपासलेला काळ २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ असा आहे. सुमारे २१४ कोटींची २० कामे निविदा न मागवता देण्यात आली. सुमारे ४,७५५ कोटींच्या ६४ कामांत कंत्राटदाराशी रीतसर करारच झाला नाही. सुमारे ३,३५५ कोटींच्या १३ कामांवर त्रयस्थ लेखापरीक्षक नेमला गेला नाही. या कालखंडाचा मोठा भाग लोकनियुक्त सभागृहाचा होता, हे विसरून कसे चालेल? म्हणजे पहारेकरी जागेवर होता; पण तो झोपला होता, की त्याने झोपेचे सोंग घेतले होते? ‘टक्केवारी’ हा शब्द मुंबईकरांच्या बोलण्यात उगाच रुळलेला नाही.

प्रशासकीय राजवटीचे समर्थक म्हणतात, कामे झपाट्याने झाली. झाली असतील; पण कोणती आणि कोणासाठी? १९६१ साली मृणाल गोरे पालिकेत निवडून आल्या, तेव्हा गोरेगावच्या वस्त्यांना नळ मिळावा म्हणून सभागृहात आणि रस्त्यावर आवाज उठत असे. आजही गोवंडी-मानखुर्दच्या झोपडीतील बाई हंडाभर पाणी विकत घेते. तिची गरज समुद्रालगतच्या महामार्गापेक्षा मागे पडावी, हा निर्णय कोणी केला? तो जाहीर चर्चेने झाला असता, तर निदान हरकत घेता आली असती.

मुदतठेवींचा प्रश्नही याच दृष्टीने पाहिला पाहिजे. २०२२ मध्ये या ठेवी ९० हजार कोटींच्या वर होत्या. २०२५ पर्यंत त्या ८० हजार कोटींच्या आसपास आल्या. ठेव म्हणजे नागोबाने राखायचे धन नव्हे. नागरी सोयींसाठी ती खर्च होण्यात पाप नाही. पाप आहे ते कोणालाही न विचारता पुढील अनेक वर्षांची देणी शहराच्या माथी मारण्यात. त्यातच १ जुलै २०१७ पासून जकात गेली व तिच्या जागी राज्य सरकारकडून भरपाई येऊ लागली. स्वतःच्या उत्पन्नाऐवजी वरून येणाऱ्या रकमेवर जगणारी संस्था हळूहळू नागरिकाकडे पाठ आणि मंत्रालयाकडे तोंड करून उभी राहते.

विश्वास भाषणांनी परत येत नाही; तो हिशेबाने येतो. स्थायी समितीपुढील प्रत्येक प्रस्ताव सभेपूर्वी मराठीतून प्रसिद्ध झाला पाहिजे. प्रत्येक कामाची अंदाजित रक्कम, कंत्राटदाराचे नाव, कराराची तारीख आणि प्रत्यक्ष दिलेले पैसे विभाग कार्यालयाच्या फलकावर लागले पाहिजेत. महालेखापरीक्षकांच्या प्रत्येक आक्षेपावर कोणी कोणती कारवाई केली, याचे निवेदन ठरावीक मुदतीत सभागृहापुढे आले पाहिजे. प्रभाग समित्यांनी वर्षातून दोनदा जाहीर सभेत हिशेब द्यावा आणि स्थानिक खर्चाचा अग्रक्रम लोकांना ठरवू द्यावा. हे स्वप्नरंजन नव्हे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून लोकसहभागाचा अर्थसंकल्प राबवला. पुण्यातही २००६ पासून त्याचा मर्यादित का होईना, प्रयोग झाला.

पालिका मुख्यालयासमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा उभा आहे. ज्या १८८८ च्या कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता, त्याने परकीय राजवटीतही आयुक्ताला सभागृहाच्या मंजुरीवाचून मनमानी खर्च करण्याची मोकळीक दिली नव्हती. स्वराज्यात ती मोकळीक जवळजवळ चार वर्षे चालू राहिली. सभागृह परत आले, एवढ्यावर मुंबईकरांनी निवडणुकीचा गुलाल उधळून घरी बसू नये. ज्याने मत मागितले त्याला दारात उभा करून हिशेब मागणे, हीच यापुढची खरी निवडणूक आहे.