मडक्याचे कौतुक पुरे

मडक्याचे कौतुक आता पुरे झाले. चंडीगडच्या साहित्यिक बैठकीत घरगुती बिअरचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणते, ‘आंबवायची तर मातीतच!’ माती म्हणजे आपले मूळ, काच परकी, प्लॅस्टिक बाजारू. कवितेत हे खपते, पेल्यात नाही.

गोंधळाला आपली भाषाही जबाबदार आहे. मराठीत इडलीचे पीठ आंबते, कांजी आंबते आणि जवाचे पाणीही आंबते. त्या क्रियापदाच्या पोटातच आंबटपणा आहे. बिअरला मात्र, बेल्जियममधले काही प्रकार सोडले तर, तो नको असतो. तिथे यीस्टला काम करू द्यायचे आणि आंबट करणाऱ्या जिवाणूंना दाराबाहेर ठेवायचे. कोशातले ‘किण्वनपात्र’ यातले काहीच सांगत नाही. अनुवादात मी तो शब्द वापरते आणि दरवेळी वाटते, हे पात्र कुणी धुतले तरी असेल का?

माठ पाणी गार करतो ते त्याच्या छिद्रांमुळे. तीच छिद्रे हवा आत घेतात आणि मागच्या खेपेचे जिवाणू सांभाळून ठेवतात. घासून ते निघत नाहीत. साबण लावावा तर साबणच मुरतो. अशा भांड्यात बिअर दोन आठवडे ठेवली की व्हिनेगरची तयारी झालीच.

यावर गोव्याचा आणि विदर्भाचा दाखला ठरलेला. काजूचा रस मातीच्या भांड्यांत आंबवत आले, मोहफुलांचा सडवाही मडक्यात होतो, हे खरेच. पण ते दोन्ही पुढे भट्टीवर चढतात. वाफ वर जाते, गाळ खाली राहतो आणि भांड्याचे बरेचसे दोष त्याबरोबर मागे पडतात. बिअरच्या वाट्याला भट्टी नाही. भांड्यात झाले तेच पेल्यात येते. फेणीचे शहाणपण बिअरला चिकटवणे म्हणजे संदर्भ सोडून केलेला अनुवाद. शिवाय गोव्यातच आता प्लॅस्टिकची पिंपे वापरली जातात. मातीची निष्ठा त्यांनी आपल्यासाठी सांभाळावी की काय?

आमच्या तौलनिक साहित्यवाल्यांचे हुकमी पान म्हणजे सुमेरची निन्कासी देवी. मिगेल सिव्हिल यांनी 1964 साली तिचे स्तोत्र इंग्रजीत आणले तेव्हापासून बिअरची चर्चा तिच्याशिवाय पुरी होत नाही. सुमेरमध्ये मातीची भांडी होती, कारण स्टील नव्हते. जॉर्जियात वाइनसाठी जमिनीत पुरतात ती क्वेव्री तर 2013 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तिला आतून मेण लावतात. म्हणजे मातीवाल्यांनीच मातीची भोके बुजवली!

मग घ्यावे काय? काच वास धरत नाही, पण 20 लिटरची भरलेली बरणी ओल्या हातातून निसटली तर हाताला टाके पडतात. शिवाय उजेडाने हॉप्स नासतात, म्हणून ती कापडात गुंडाळावी लागते. खाद्यपदार्थांसाठीचे नवे प्लॅस्टिक चालते, फक्त ते तारेच्या घासणीने घासू नये. ओरखड्यांत तेच जिवाणू घर करतात. रसायनांचे रिकामे पिंप कदापि नको. माझे मत दुधाच्या स्टीलच्या कॅनला. पंजाबात तो कुठेही मिळतो, त्यात उकळते पाणी ओतता येते, पडला तर पोचा येईल इतकेच. झाकणाला भोक पाडून नळी बसवावी आणि तिचे टोक पाण्यात बुडवावे, म्हणजे वायू बाहेर जाईल, हवा आत येणार नाही. 20 लिटर बिअरला कॅन 25 लिटरचा तरी हवा, फेस वर येतो. आणि तो जुन्या फ्रिजमध्ये मावतो का ते आधी मोजावे. एल जातीच्या यीस्टला साधारण 18 ते 22 अंश लागतात आणि इथे मे-जूनमध्ये पारा 40 च्या वर असतो.

हे सगळे अर्थात कागदावरच. 1914 चा पंजाब अबकारी कायदा चंडीगडलाही लागू आहे. परवान्याशिवाय दारू करणे हा गुन्हा आहेच, पण त्या हेतूने भांडे बाळगणे हाही गुन्हा आहे. गच्चीवरच्या बरणीत काळ्या गाजराची कांजी असली तर ती परंपरा, जवाचा माल्ट असला तर मुद्देमाल. बरणी स्वच्छ होती का, हे कायदा विचारत नाही. म्हणून या विषयावर इथे कुजबुजच चालते, आणि कुजबुजीत मडकेच जिंकते. दुकानदार विचारतो, ‘कॅन कशासाठी?’ गिऱ्हाईक म्हणते, ‘दुधासाठी.’ मग झाकणाची रबरी कडी दारूला टिकेल का, हे विचारायचे राहूनच जाते.