शिवणीतील माया

शिवणकामाच्या शब्दांत मला सर्वाधिक प्रिय असलेला शब्द म्हणजे ‘माया’. कापड बेतताना शिवणीच्या आत जो जादा भाग राखून ठेवतात, त्यास हे नाव आहे. मोठ्यांच्या कपड्यांत अर्धा इंच माया पुरते. मुलांच्या कपड्यांत मात्र बगलेला इंचभर आणि खालच्या दुमडीत दोन इंच तरी ठेवावी. जन्मतः साधारण ५० सेंटिमीटर लांब असलेले बाळ वर्षाअखेर ७५ सेंटिमीटरच्या आसपास पोहोचते. दुकानातील तयार झबले दोन-तीन महिन्यांत तोकडे होते, आणि शिवण उसवून पाहावी तर आत सोडण्याजोगे कापडच नसते. कारखान्यास माया परवडत नाही.

आपली घरे व्यापाऱ्यांची. रविवार पेठेत किंवा लक्ष्मी रस्त्यावर ज्यांची कापडाची दुकाने आहेत, त्यांच्याही घरी आता नातवंडांचे कपडे तयार येतात. ठाणाच्या शेवटी उरलेला पाऊण मीटरचा तुकडा कटपीसच्या ढिगात पडतो. वास्तविक तेवढ्यात तान्ह्या बाळाचे झबले आणि टोपडे आरामात निघते. हिशेबाला चोख असलेल्या घरांना हा हिशेब कसा सुचत नाही, याचे मला नवल वाटते.

शिवणकाम हा काही केवळ दुपारचा विरंगुळा नव्हे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले, तेव्हा लिहिण्यावाचण्याच्या जोडीला शिवणकामाचे शिक्षणही तेथे दिले जाई. निराधार स्त्रीच्या हाती चार पैसे यावेत, हा त्यामागचा विचार होता. व्यापारी घरांतही तेजीमंदीचे फेरे चुकत नाहीत. पेढी बसली, देणेकऱ्यांनी दार गाठले, अशा दिवसांत शेजारपाजारचे परकर-पोलके शिवून कित्येकींनी घर सावरले. पुढे दिवस पालटल्यावर त्याविषयी घरात बोलले जात नसे. जणू ते लपवण्याचेच काम होते. आज तेच पायमशीन भंगारवाल्यास देण्याची घाई होते. कृपया देऊ नका. तेल घालून, पट्टा बदलून ते बहुधा पुन्हा चालते.

बाळासाठी मलमल किंवा अनेकदा धुतलेले जुने सुती धोतर सर्वांत उत्तम. नवे सूत आटते, म्हणून बेतण्यापूर्वी ते पाण्यात भिजवून वाळवावे. रेशमासाठी कोशातील जीव मारला जातो, म्हणून आपल्यापैकी अनेक घरांत ते वर्ज्य आहे; बाळाच्या घामासाठी तसेही सूतच बरे. कापडाच्या सुट्या कडा नाजूक कातडीला टोचतात. म्हणून आधी कापडाची उलटी बाजू आत ठेवून पाव इंचावर टीप मारावी, कडा कातराव्यात, मग कापड उलटवून दुसरी टीप घालावी. कडा शिवणीतच बंद होतात. बगलेला मात्र पुढे सैल करण्याजोगी माया हवी असेल, तर साधी शिवण घालून कडांना हाताने टाके घालावेत.

बारशाची कुंची घरी शिवण्याची हौस अजून टिकून आहे, ही आनंदाची गोष्ट. खण आणि जरीकाठ शोभतोच, पण आतून मऊ सुती अस्तर हवेच. एक सावधगिरी मात्र बाळगावी. कुंचीचे बंद हनुवटीखाली बांधतात. युरोपात २००४ मध्ये आलेल्या मानकानुसार सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांस टोपीजवळ व गळ्याशी नाड्या चालत नाहीत, कारण त्या अडकून गळा आवळला जातो. तेव्हा कुंची मांडीवर आणि डोळ्यांसमोर असेपर्यंतच. बाळाला पाळण्यात निजवताना ती काढावी. टिकल्या, मणी यांनाही तोच नियम. बोरन्हाणाचे हलव्याचे दागिनेसुद्धा बाळाच्या तोंडात जाणार नाहीत, इकडे लक्ष असावे. बटण लावल्यावर ते जोराने ओढून पाहावे.

नवशिक्या सुनेने सुरुवात जुन्या झबल्यावरून करावी. ते वर्तमानपत्रावर पसरून आखावे, सभोवती माया वाढवावी आणि मगच कात्री लावावी. मुंढा थोडा खोल ठेवावा. हात घालताना बाळ रडत नाही. चार महिन्यांनी दुमड उसवली की जुन्या घडीची फिकट रेघ कापडावर उरते. तिच्यावर तुळशीबागेतील अर्धा इंच रुंदीची सुती लेस लावली की काम झाले.