यवतमाळच्या श्वासरोगांची कैफियत

श्वासरोगांच्या संशोधनाचा विषय निघाला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील सुशिक्षित मंडळींकडून एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. ते असे, की हा जिल्हा शेतीचा व अरण्याचा असल्यामुळे येथील हवा स्वभावतःच निर्मळ आहे. ज्याला दमा जडतो त्याला तो विडीने, आनुवंशिकतेने किंवा वार्धक्याने जडतो. आणि रोगाची कारणे मोठ्या शहरांतील विद्वानांनी शोधून ठेविलेली असल्यामुळे आम्हांस संशोधन नको, औषधे तेवढी पुरेशी मिळावीत. या मताचे पुरस्कर्ते प्रामाणिक आहेत. तंबाखू हे श्वासरोगाचे मोठे कारण आहे आणि तालुक्याच्या दवाखान्यात औषध असलेच पाहिजे, हेही निर्विवाद होय. परंतु या दोन सत्यांवर त्यांनी जो निष्कर्ष उभारला आहे, तो मला सर्वस्वी अग्राह्य वाटतो.

प्रथम विडीचा विचार करू. भारतातील जीर्ण श्वासरोगांचा राज्यवार अभ्यास 2018 साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. श्वासमार्ग कायमचा अरुंद करणाऱ्या ज्या रोगास डॉक्टर सीओपीडी म्हणतात, त्याने 2016 मध्ये देशातील सुमारे साडेपाच कोटी लोक पीडित होते आणि त्या एका वर्षात सुमारे साडेआठ लाख माणसे त्याने दगावली, असा त्या अभ्यासाचा हिशेब आहे. या रोगाच्या भारापैकी तंबाखूच्या वाट्याला 25.4 टक्के येतात, व्यवसायातील धूळधुराच्या वाट्याला 16.5 टक्के, आणि प्रदूषित हवेच्या वाट्याला 53.7 टक्के, या हवेत घरातील चुलीचा धूरही धरलेला आहे. मग जिने जन्मात विडी ओढली नाही, पण लहानपणापासून चुलीपुढे बसून कपाशीची वाळकी पऱ्हाटी जाळली, त्या बाईची धाप वार्धक्याच्या खाती घालण्यास आधार कोणता? चुली विझल्या असे कोणी म्हणेल, कारण 2016 पासून उज्ज्वला योजनेने गॅस घरोघर पोचविला. पण सिलिंडर घरात असणे आणि तो संपल्यावर भरून आणण्याइतकी रोकड हाती असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. शेतातून उपटलेली पऱ्हाटी मात्र फुकट मिळते.

आता कापसाकडे वळतो, कारण माझ्या मते आमच्या अज्ञानाची खरी जागा तेथेच आहे. कापसाच्या धुळीने छाती आवळते, सुटीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी ती विशेष आवळते आणि वर्षानुवर्षे तसेच चालल्यास फुप्फुसे कायमची निकामी होतात, हे लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी 1950 च्या दशकात पद्धतशीरपणे नोंदविले. वऱ्हाडचा कापूस सागरपार जावा म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद लोहमार्ग घातला गेला. पण त्या कापसाने जो रोग होतो त्याचा शोध कापूस जेथे पोचला तेथे लागला, जेथे पिकला तेथे नव्हे. बिसिनोसिस या नावाने तो रोग आमच्याही 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत दाखल झाला आणि रोगी आढळल्यास डॉक्टराने तो सरकारास कळविणे बंधनकारक ठरले. परंतु पांढरकवडा, वणी किंवा राळेगाव येथील जिनिंगमध्ये सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यापुढे उभी असलेली, सरकी-रुईच्या धुळीत हंगामभर राबणारी रोजंदारीची मजूर कायद्याच्या कक्षेत पोचतच नाही. तिची छाती भरली की ती काम सोडते, दुसरी तिच्या जागी येते आणि पाहणी करणाऱ्यास सशक्त माणसेच दिसतात. नोंद नाही म्हणून रोग नाही, असा निष्कर्ष काढणे हा तर्कदोष तर आहेच, पण त्याची किंमत मोजणारी व्यक्ती वादात कधी उपस्थित नसते, हा त्याहून मोठा अन्याय आहे. वणीकडील कोळशाच्या खाणींभोवतीच्या वस्त्यांविषयी हेच म्हणता येईल.

2017 च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना या जिल्ह्यात 20 हून अधिक माणसे विषबाधेने दगावली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली, तेव्हाही शेतकऱ्याने तोंडाला फडके बांधले नाही, अशी मखलाशी ऐकावयास मिळाली. फवारणीच्या औषधांतील सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे कातडीतून व श्वासातून शरीरात शिरतात, श्वासनलिका स्रावांनी भरतात आणि श्वासाचे स्नायू लुळे पाडतात. अंगाबरोबर वाढलेल्या पिकात, घामाने निथळत, दिवसभर पंप चालविणाऱ्याचे रक्षण एका फडक्याने होईल, हे कोणी मोजून पाहिले होते?

गरीब जिल्ह्यास संशोधन परवडत नाही, या आक्षेपास गडचिरोलीने केव्हाच उत्तर दिले आहे. डॉ. अभय व राणी बंग यांनी तेथील खेड्यांत गावच्याच कार्यकर्त्यांना आणि सुइणींना बालकांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास व औषध देण्यास शिकविले; निरक्षरांसाठी वाळूचे घड्याळ व मणी यांचे साधन तयार केले. त्यांच्या खेड्यांतील न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या खेड्यांच्या निम्म्याहून कमी राहिले, हे 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. तेथे संशोधन आणि इलाज ही एकच कृती होती.

केवळ औषधे द्या म्हणणारांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आमच्याकडे ‘पंप एकदा लागला की सुटत नाही’ या भीतीने रोगी इन्हेलर नाकारतो आणि गोळी मागतो. दम्यावरील साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत 4 मिलिग्रॅम औषध असते. पंपाच्या एका झोताने त्याचा चाळिसावा हिस्सा, तोही थेट श्वासनलिकेत जातो. ही भीती कोठून येते आणि कोणाच्या सांगण्याने जाते, याचा शोध न घेता औषधांचा साठा वाढविल्यास ती कपाटातच राहतील.

म्हणून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने हे काम अंगावर घ्यावे, असे माझे आग्रहाचे मागणे आहे. कापसाचा हंगाम उघडण्यापूर्वी जिनिंगच्या मजुरांचा श्वास स्पायरोमीटरवर मोजावा, हंगाम संपताच त्याच माणसांचा पुन्हा मोजावा, आणि ज्यांनी मधेच काम सोडले त्यांच्या घरी जाऊन त्यांचाही मोजावा.