भिंगाची किंमत आणि चित्राची प्रत

शाळेच्या विज्ञान मंडळासाठी कॅमेरा घ्यायचे ठरले की एक वाद हमखास होतो. कोणी म्हणतो, घ्यायचा तर भारीतलाच घ्या. स्वस्त भिंगातून चित्र ते काय येणार! दुसरा म्हणतो, भिंग म्हणजे शेवटी काच, बाकी सारे नावाचे पैसे. माझ्या मते दोघांचाही हिशेब अर्धवट आहे.

५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग घ्या. एफ/१.८ चे असे भिंग काही हजार रुपयांत मिळते, एफ/१.२ चे नामांकित भिंग लाखाच्या वर जाते. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा एफ-आकडा मिळतो. म्हणजे पहिल्याचे छिद्र सुमारे २८ मिलिमीटर, दुसऱ्याचे सुमारे ४२. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळाप्रमाणे येतो, तेव्हा तो सव्वादोनपट मिळाला. पण त्याबरोबर दोषही वाढले. गोलाकार पृष्ठभागाच्या भिंगात कडेने आलेले किरण मधल्या किरणांच्या आधीच एकत्र येतात. याला गोलीय विपथन म्हणतात. आराखडा तोच ठेवला, तर यामुळे पडणारा धूसर डाग व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. व्यास दीडपट झाला, तर डाग जवळजवळ ३.४ पट! तो आवरण्यासाठी जादा भिंगे, अगोलीय पृष्ठभाग आणि निराळ्या जातीच्या काचा लागतात. बरे, भिंगे वाढवली की पृष्ठभागही वाढतात, आणि लेप न दिलेला प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. सात सुट्या भिंगांचे चौदा पृष्ठभाग झाले, ०.९६ चा चौदा वेळा गुणाकार करून पाहा. निम्म्याहून थोडाच अधिक प्रकाश पलीकडे पोहोचतो. त्साइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन कमी करणारा लेप शोधला, तेव्हा कुठे अनेक भिंगांचे संच खऱ्या अर्थाने वापरता येऊ लागले. एवढा सारा खटाटोप फुकट होत नाही. (नावाचे पैसे थोडेफार असतातच, ते सोडा.)

पण आता त्याच दोन भिंगांची छिद्रे एफ/८ पर्यंत लहान करा. कडेचे किरण दोन्हीकडे अडले आणि ज्या दोषासाठी लाखभर रुपये मोजले, तो स्वस्त भिंगातही बहुतांशी नाहीसा झाला. दिवसाउजेडी झाडाचे पान, ओढ्याकाठचा खडक किंवा प्रदर्शनातला प्रयोग टिपायचा असेल, तर या जादा पैशांचा उपयोग काय? ज्याला मोठे छिद्र हवेच, त्याची गोष्ट निराळी. १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ चित्रपटासाठी स्टॅन्ली कुब्रिक यांना मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रण करायचे होते. त्यांनी मुळात नासासाठी बनवलेले एफ/०.७ चे भिंग मिळवले. तेथे दुसरा इलाजच नव्हता.

मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्याचाही असाच दरारा आहे. वास्तविक या नावात मूळची काही श्रीमंती नाही. १९७०-८० च्या दशकांत आपल्याकडच्या कित्येक मध्यमवर्गीय घरांत असलेला आग्फा क्लिक-३ हा साधा कॅमेरा १२० क्रमांकाच्या फिल्मवर बारा चौकोनी चित्रे काढी. म्हणजे तोही मिडियम फॉरमॅटच! आजीच्या आल्बममधली लहान चौकोनी चित्रे पाहा. भिंग अगदी साधे, तरी ती बरी दिसतात, कारण त्यांतली पुष्कळशी फिल्मच्याच मापाची आहेत. चित्र जितके पट मोठे करावे, तितके पट त्यातले दोषही मोठे होतात. त्या फिल्मवरचे चित्र सुमारे ५६ मिलिमीटर चौरस, तर ३५ मिलिमीटर फिल्मवरचे २४ × ३६. क्षेत्रफळ साडेतीनपटींहून अधिक. आजच्या डिजिटल मिडियम फॉरमॅटचा संवेदक मात्र बहुधा ४४ × ३३ मिलिमीटरचा, म्हणजे अवघा १.७ पट असतो, आणि किंमत कित्येक लाख.

अशा संवेदकावर दहा कोटी पिक्सेल असले, तर प्रत्येकाची रुंदी सुमारे ३.७६ मायक्रोमीटर. जवळचा दगड आणि दूरचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवेत म्हणून छिद्र एफ/१६ केले, की विवर्तनामुळे प्रत्येक प्रकाशबिंदूची तबकडी होते. तिचा व्यास सुमारे २१ मायक्रोमीटर, म्हणजे पाचांहून अधिक पिक्सेल व्यापणारा. ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीने घातलेली आहे. कितीही पैसे मोजले, तरी ती हटत नाही.

आपला डोळाही हिशेबात धरला पाहिजे. २५ सेंटिमीटरवरून निरोगी डोळ्याला सुमारे ०.०७ मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दिसतात. तेव्हा २० × ३० सेंटिमीटरच्या चित्रात सव्वा कोटीच्या आसपास बिंदू पुरतात. बाकीचे पावणेनऊ कोटी भित्तिपत्रकावर कोणाला दिसणार? जुनी पोथी किंवा भित्तिचित्र अक्षर न् अक्षर, रेघ न् रेघ जपून ठेवणाऱ्यांना ते हवेत. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर हॅसलब्लाड कॅमेऱ्यात ७० मिलिमीटरची फिल्म वापरली, तेही योग्यच होते. राहिलेले चित्र घ्यायला पुन्हा जाता येणार नव्हते. शाळेची गरज ती नव्हे. शाळेने साधे भिंग घ्यावे आणि उरलेल्या पैशांत भक्कम तिपाई घ्यावी, कारण हललेला कॅमेरा लाखाचे भिंगही वाया घालवतो.

माझे म्हणणे मानू नका, करून पाहा. ओळखीच्या छायाचित्रकाराकडून महागडे भिंग तासभर मागून आणा. वर्तमानपत्राचे पान भिंतीवर ताठ लावा, एकच कॅमेरा तिपाईवर ठेवा, आणि दोन्ही भिंगांनी एफ/१.८, एफ/४ व एफ/८ वर चित्रे घ्या. सर्वांच्या २० × ३० सेंटिमीटरच्या प्रती काढा. शिक्षकांनी पाठीमागे खुणेचे आकडे घालून त्या मिसळाव्यात. वर्गातल्या प्रत्येकाने कोणती प्रत कोणत्या भिंगाची ते न बोलता लिहावे. कोपऱ्यातली अक्षरे विशेष बघा. किती उत्तरे बरोबर आली ते छिद्रागणिक वेगळे मोजा आणि तो तक्ता कॅमेऱ्याची मागणी करताना मुख्याध्यापकांपुढे ठेवा.