राजाची वही आणि नागसेनवन



राजेलोकांचे शिलालेख, ताम्रपट जगाला दाखविण्यासाठी असतात. परंतु रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस याने केवळ स्वतःसाठी काही टिपणे लिहिली, आणि ती आजवर टिकली. इ. स. १६१ ते १८० हा त्याच्या राज्याचा काळ. आपल्याकडे तेव्हा सातवाहनांची सत्ता होती. त्याच्या जन्मापूर्वीपासूनच पैठण आणि तेरचा माल भडोच बंदरातून पश्चिमेकडे जात होता.

राज्यात साथ पसरलेली, डॅन्यूब नदीवर युद्ध चाललेले. अशा वेळी हा राजा ग्रीक भाषेत स्वतःलाच बजावत होता: सकाळी उठायचा कंटाळा करू नकोस, माणसाचे काम करायला उठतो आहेस. आज कृतघ्न आणि भांडखोर माणसे भेटतील, तरी मन बिघडू देऊ नकोस. पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगाराला हे वेगळे सांगायला नको!

वहीचा पहिला भाग तर घराघरात वाचावा असा आहे. आजोबांकडून काय शिकलो, आईकडून काय, कोणत्या गुरुजींकडून काय, याची कृतज्ञ नोंद त्यात आहे. आईचा साधेपणा आणि दानत राजाने आठवणीने लिहिली आहे.

हा विचार स्टोइक पंथाचा. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास झेनो नावाचा विचारवंत अथेन्समध्ये एका रंगीत चित्रांच्या ओसरीत शिकवीत असे. 'स्टोआ' म्हणजे ओसरी, म्हणून हे नाव. याच पंथातील एपिक्टेटस हा जन्माने गुलाम होता. पुढे मुक्त होऊन तो शिक्षक झाला, शिष्याने त्याची शिकवण लिहून ठेवली आणि ती वाचून सम्राट घडला. गुलामाचा शिष्य सम्राट! विद्येला जात नसते, याचा आणखी पुरावा कोणता हवा?

एपिक्टेटस सांगे की काही गोष्टी आपल्या हाती असतात, काही नसतात. हाती नाही त्याचा शोक करू नये. गोष्ट खरी आहे. मरण, म्हातारपण, होऊन गेलेला काळ कोणाच्या हाती आहे?

पण येथेच आम्ही एक प्रश्न विचारतो. अमुक गोष्ट आपल्या हाती नाही, हे ठरविले कोणी? अस्पृश्यताही नशिबाचा भोग म्हणूनच सांगितली गेली होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, तेव्हा ती माणसांनी केलेली आणि माणसांनी मोडता येणारी गोष्ट आहे हे सिद्ध झाले. मार्कसने मनावर राज्य केले, परंतु त्याच्या साम्राज्यात गुलामगिरी तशीच राहिली. मनःशांती मोठी खरी, पण ती अन्यायाला पांघरूण होता कामा नये. कंत्राटी कामगाराचा पगार अडतो आणि वर 'सोसायला शिका' असे ऐकवले जाते, तेव्हा हा उपदेश कोणाच्या सोयीचा आहे, हे तपासावे.

असे तपासणाऱ्या राजाचे नाव आपल्या शहरातच आहे. छत्रपती संभाजीनगरात १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. बाबासाहेबांनी त्याला मिलिंदाचे नाव दिले आणि परिसर नागसेनवन झाला. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा. भिक्खू नागसेनांनी त्याला अट घातली की पंडितासारखा बोलणार असशील तर बोलतो, राजासारखा बोलणार असशील तर नाही. राजाने अट मानली, शंका विचारल्या, उत्तर पटले की कबूल केले. रोमचा राजा स्वतःशी बोलला, आपला मिलिंद दुसऱ्याला विचारत राहिला. आपल्याला दोन्ही हवे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शंभर पानी वही आणा. पहिल्या पानावर मुलांनी लिहावे, कोणाकडून काय शिकलो. त्यानंतर रोज रात्री मोठ्यांनी दोन ओळी लिहाव्यात. आज आपल्या हाती काय होते आणि ते केले का? आणि 'आपल्या हाती नाही' म्हणून आज कोणता अन्याय सोडून दिला? दुसऱ्या ओळीचे उत्तर एकट्याला सापडले नाही, तर रविवारी विहारात चार जणांसमोर मांडा. अनेकदा जे एका हाताला जमत नाही, ते चार हातांना जमते.