महाडीबीटी: अर्ज मंजूर झाला, मग स्कॉलरशिपचे पैसे कुठे अडकले?

महाडीबीटी पोर्टलवर फॉर्म भरला, कॉलेजने तपासला, विभागाने मंजूरही केला. तरी खात्यात पैसे नाहीत! कॉलेजचा क्लार्क म्हणतो बँकेत जा. बँक म्हणते, "तुमचं आधार तर लिंक आहे." आणि बँकेचं म्हणणं खरंही असू शकतं.

गोंधळ आहे तो 'लिंकिंग' आणि 'सीडिंग' या दोन शब्दांचा. केवायसीसाठी आधार दिलं की ते खात्याला लिंक होतं. अशी कितीही खाती लिंक करता येतात. पण डीबीटीचे पैसे आधार क्रमांकावर पाठवले जातात. ते कोणत्या बँकेकडे वळवायचे, हे एनपीसीआयच्या मॅपरवरून ठरतं. मॅपरमध्ये एका आधारसमोर एकच बँक असते, सगळ्यात शेवटी सीड झालेली. म्हणजे मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडताना डीबीटीला संमती दिली असेल, तर स्कॉलरशिप तिकडे जाते. ते खातं बंद पडलं असेल, तर पेमेंट फेल.

हा फक्त तांत्रिक घोळ नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत (कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2.5 लाखांपर्यंत) केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातूनच कॉलेजची फी भरायची असते. पैसे अडकले की फी बाकी दिसते ती विद्यार्थ्याच्याच नावावर. डीबीटीमुळे मधले हात कमी झाले, हे चांगलंच झालं. पण चूक शोधायची जबाबदारी आता अठरा वर्षांच्या मुलामुलींवर येऊन पडली आहे. पेमेंट नेमकं का फेल झालं, हे त्यांना साध्या मराठीत मेसेजने कळवणं एवढी अपेक्षा तर रास्तच आहे.

तोपर्यंत आपण काय करायचं? मायआधार पोर्टलवर ओटीपीने लॉगिन करा आणि 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव आणि सीडिंग ॲक्टिव्ह आहे का, दोन्ही तपासा. बँक चुकीची असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचंय" असंच सांगा. नुसतं "आधार लिंक करा" म्हणू नका. ओटीपीसाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा.

आणि हे एकदा फॉर्म भरताना तपासा, अर्ज मंजूर झाल्यावर पुन्हा एकदा. मधल्या काळात मॅपरमधली बँक बदललेली असू शकते.