सर्दीला अमॉक्सिसिलीन कशाला? पेनिसिलीन जिथं बनलं, तिथलीच ही सवय

निगडी : पावसाळा लागला की निगडी, तळवडे, चाकण पट्ट्यात घरोघरी सर्दी-ताप. कंत्राटी कामगाराला दवाखान्यात बसायला सवड नसते. एक खाडा म्हणजे दिवसाची हजेरी गेली. मग शिफ्ट सुटली की मेडिकलवर जाऊन ‘मागच्या वेळची कॅप्सूल’ मागायची. पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या हातात पडतात. पुष्कळदा ती अमॉक्सिसिलीन असते. नियमाने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही, पट्टीवरची लाल रेघ त्याचसाठी आहे. पण रेघ बघतो कोण?

अमॉक्सिसिलीन हे पेनिसिलीनच्या घरातलंच औषध. जिवाणू स्वतःभोवती जी भिंत बांधतो, तिचं काम ते बंद पाडतं. घसा, कान, दाताचं गळू, काही प्रकारचा न्यूमोनिया यांत डॉक्टर ते देतात. साधी सर्दी, फ्लू, डेंगी हे विषाणूचे आजार. विषाणूला अशी भिंतच नाही, तर गोळी पाडणार काय? सर्दी आपोआप चार-सहा दिवसांत उतरते आणि नाव गोळीचं होतं.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एकच औषध सारखं मारलं की अळी मरेनाशी होते. जिवाणूचंही तसंच. पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्ये नोबेल घेतानाच अपुऱ्या डोसाचा हा धोका सांगितला होता.

आणि हे घडतंय कुठं, तर निगडीहून काही किलोमीटरवर. पिंपरीची एच.ए. कंपनी, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथं पेनिसिलीन निघू लागलं. पुढे कंपनी आजारी पडली; डिसेंबर 2016 मध्ये केंद्राने तिची जास्तीची जमीन विकायचा निर्णय घेतला. दरम्यान पेनिसिलीनच्या कच्च्या मालासाठी देश चीनकडे बघू लागला. म्हणजे मोलाने येणारी वस्तू आपण शिंकेवर घालवतोय.

दोष एकट्या मेडिकलवाल्याचा नाही. संध्याकाळी उशिरापर्यंत चालणारा सरकारी दवाखाना कंपनीच्या वाटेवर असता, तर अर्धे लोक तिकडेच गेले असते.

तोवर एवढं तरी करावं : डॉक्टरांनी दिलेला कोर्स मनाने अर्धवट सोडू नये, उरलेल्या गोळ्या शेजारच्याला देऊ नयेत. पेनिसिलीनने कधी अंगावर पित्त उठलं असेल किंवा धाप लागली असेल, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगावं.